अठ्ठावन्न लाखांच्या घराचा हिशेब

२०२१ च्या दिवाळीनंतर आम्ही पुण्यात घर घ्यायचे ठरवले, तेव्हा आमचा सगळा हिशेब दोन ओळींत मावत होता. घराच्या किमतीच्या ८० टक्के रक्कम बँक देते, उरलेले २० टक्के आपण घालायचे. दोघांच्या मुदतठेवी आणि बचत मिळून साडेतेरा लाख रुपये होते, तेव्हा साठ लाखांपर्यंतचे घर आपल्या आवाक्यात आहे, असे आम्ही धरून चाललो. पुढच्या सहा महिन्यांत या दोन ओळींची एक दोनशे पानी वही झाली. ती अजून माझ्या कपाटात आहे आणि हा अनुभव मी तिच्यातल्या नोंदी पाहूनच लिहीत आहे.

सर्वप्रथम बँकेत गेलो, कारण घरे पाहत फिरण्यापूर्वी कर्ज किती मिळेल ते समजून घ्यावे, असे बाबांनी सुचवले होते. माझा पगार हातात ५२,००० आणि नवऱ्याचा ६०,००० असा होता. दुसरे कोणतेही कर्ज नव्हते. कर्ज अधिकाऱ्यांनी दोन मिनिटांत संगणकावर आकडे घातले आणि सांगितले की तुम्हाला सत्तर लाखांपर्यंत कर्ज बसते. एकत्रित उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत हप्ता जाऊ शकतो, असे त्यांचे गणित होते. बाहेर पडताना आम्ही दोघेही जरा हवेत होतो. सत्तर लाख कर्ज म्हणजे नव्वद लाखांचे घर, म्हणजे नवी इमारत, लिफ्ट, वाहनतळ आणि व्यायामशाळा. त्या रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढताना आमचे बोलणे सगळे त्या नव्वद लाखांच्या घराचेच चालले होते.

उतरताना नवऱ्याने एक साधा प्रश्न विचारला: उद्या आपल्यापैकी एकाचा पगार थांबला तर? आम्हाला मूल हवे होते आणि माझी नोकरी एका खाजगी प्रयोगशाळेत होती, त्यामुळे हा प्रश्न हवेतला नव्हता. घरी येऊन वहीच्या पहिल्या पानावर आम्ही लिहिले की हप्ता कोणत्याही एका पगारात भरता आला पाहिजे आणि त्यानंतरही घरखर्च चालला पाहिजे. तेव्हाच्या ६.९ टक्के दराने २० वर्षांसाठी दर लाखाला सुमारे ७६९ रुपये हप्ता पडत होता. चाळीस लाखांचा हप्ता ३०,७७२ रुपये आला. माझ्या पगारातून तो गेल्यावर २१,००० रुपये उरत होते. ओढाताण झाली असती, पण उपासमार झाली नसती. म्हणून कर्जाची मर्यादा चाळीस लाख ठरली. बँक जो आकडा सांगते तो बँकेचे पैसे कितपत सुरक्षित आहेत याचा असतो, आपल्या घरात महिनाअखेरीला काय शिल्लक राहील याचा नसतो, एवढे त्या संध्याकाळी कळले. मात्र त्या हिशेबात एक मोठी चूक राहून गेली होती. तिच्याकडे नंतर येतेच.

घर शोधण्यात तीन महिने गेले. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पांत घर घ्यायचे तर किमतीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागत होता (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसले तर १ टक्का), आणि ताबा मिळेपर्यंत राहत्या घराचे भाडेही चालूच राहणार होते. म्हणून आम्ही जुन्या, राहत्या सोसायटीतल्या पुनर्विक्रीच्या घरांकडे वळलो. भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेल्या इमारतीतल्या घरावर हा कर नसतो.

पुनर्विक्रीत मात्र दुसरे एक दुखणे आहे. आम्हाला आवडलेल्या पहिल्या घराच्या मालकांनी चहा झाल्यावर, अगदी सहजपणे, सांगितले की बासष्टपैकी बारा लाख ‘रोख’ द्यावे लागतील आणि करारनामा पन्नास लाखांचा करू. मुद्रांक शुल्कही तुमचे वाचेल. एजंटने मान डोलावली. आम्ही एका ओळखीच्या सनदी लेखापालांना विचारले, तेव्हा त्यांनी हात जोडूनच नको म्हटले. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे आणि तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे तर झालेच. त्याशिवाय त्यांनी जे दाखवून दिले ते आमच्या लक्षातही आले नसते: बँक करारातल्या पन्नास लाखांवरच कर्ज देणार, म्हणजे ते बारा लाख पूर्ण आपल्या खिशातून जाणार, आणि पुढे कधी आपण ते घर विकले तर खरेदीची किंमत पन्नासच धरली जाऊन भांडवली नफ्यावरचा कर आपणच जास्त भरणार. वाचलेले मुद्रांक शुल्क सुमारे ७२,००० रुपये होते. ते घर सोडले.

शेवटी फेब्रुवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला, १९९८ मध्ये बांधलेल्या चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरचे ६२० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मिळाले. विकणारे काका-काकू साठीच्या पुढचे होते आणि मुलीकडे कायमचे राहायला जाणार होते. त्यांनी साठ लाख सांगितले होते. वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला, सूची क्रमांक दोनच्या (नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या उताऱ्याच्या) प्रती काढल्या, मूळ करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट तपासले, आणि हक्क स्वच्छ असल्याचे सांगताना एक गोष्ट अधोरेखित केली: सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण अजून झालेले नव्हते. इमारत सोसायटीची, जमीन मात्र कागदोपत्री अजून मूळ मालकाची. रोजच्या राहण्याला यामुळे अडत नाही, पण पुढे पुनर्विकासाची वेळ आली की हाच कागद आधी मागतात. आम्ही हे काकांना स्पष्ट सांगितले आणि बऱ्याच चर्चेनंतर अठ्ठावन्न लाखांवर व्यवहार ठरला. एक लाखाचा इसार दिला आणि घरी येऊन वहीत नवे पान उघडले.

या पानावर पहिला धक्का मूल्यांकनाने दिला. बँकेने पाठवलेल्या मूल्यांकनकाराने पाऊण तास भिंती ठोकून, गच्चीवरची ओल पाहून, इमारतीचे वय विचारून अहवाल दिला आणि त्यात घराची किंमत बावन्न लाख धरली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते, आणि मूल्य म्हणून करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतली कमी असेल तीच बँक धरते. म्हणजे अठ्ठावन्न लाखांच्या ८० टक्क्यांनी ४६ लाख ४० हजार नव्हे, तर बावन्नच्या ८० टक्क्यांनी ४१ लाख ६० हजार. आम्हाला चाळीसच हवे होते म्हणून आम्ही तरलो. पण ज्यांनी इसार देताना किमतीच्या ८० टक्के धरलेले असतात, त्यांचा व्यवहार याच ठिकाणी अडतो. इसारपावतीत ‘कर्ज मंजूर न झाल्यास इसार परत’ ही ओळ वकिलांनी आग्रहाने घालून घेतली होती, तिचे मोल मला त्या दिवशी समजले.

दुसरी गोष्ट म्हणजे या ८० टक्क्यांत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क धरत नाहीत. ते सगळे आपले. तेव्हा पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि स्थानिक संस्थेचा १ टक्का असे ६ टक्के होते. मेट्रोसाठीचा १ टक्का अधिभार दोन वर्षे थांबवलेला होता आणि १ एप्रिल २०२२ पासून तो लागू होणार होता, त्यामुळे मार्च महिन्यात दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत पाय ठेवायला जागा नव्हती. आमची नोंदणी २४ मार्चला झाली आणि आमचे ५८,००० रुपये वाचले.

हा ५८,००० चा आकडा पुढे आमच्या घरात विनोदाचा विषय झाला, कारण किमतीचा एक टक्का म्हणून तो जिथे तिथे उपटत होता. एजंटची दलाली एक टक्का, म्हणजे ५८,०००. विक्रेत्याच्या पैशांतून उगमातून कापायचा आयकर (टीडीएस) एक टक्का, म्हणजे ५८,०००. आणि घर फक्त माझ्या एकटीच्या नावावर घेतले असते तर महिला खरेदीदाराला मिळणारी मुद्रांक शुल्कातली सवलत एक टक्का, तीही ५८,०००.

या शेवटच्या ५८,००० वर आमच्याकडे तीन दिवस खल झाला. सवलत हवी तर खरेदीदार फक्त स्त्री असावी लागते. पती-पत्नी दोघांची नावे घातली की ती जाते. शिवाय तेव्हा अशी अट होती की सवलत घेतलेले घर पंधरा वर्षे पुरुष खरेदीदाराला विकता येणार नाही (२०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात ती काढण्यात आली). दुसऱ्या बाजूला, राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत माणशी दोन लाखांपर्यंत मिळते, पण त्यासाठी तो माणूस सहमालक आणि सहकर्जदार दोन्ही असावा लागतो. पहिल्या वर्षी व्याज पावणेतीन लाखांच्या घरात जाणार होते, म्हणजे एकाच नावावर घर घेतले तर पाऊण लाखाची वजावट वाया जात होती. चारेक वर्षांत ५८,००० भरून निघतात, असा हिशेब करून आम्ही दोघांची नावे घातली. पुढे आम्ही दोघेही नव्या करप्रणालीत गेलो, जिथे राहत्या घराच्या व्याजाची ही वजावट मिळतच नाही, आणि तो सुबक हिशेब तीन वर्षांच्या आतच मोडीत निघाला. तरीही दारावरच्या पाटीवर दोन नावे आहेत याचे मला वाईट वाटत नाही.

सोसायटीच्या दप्तरी घर आमच्या नावे करताना मात्र थोडा वाद झाला. सचिवांनी ‘आमच्याकडे पद्धत आहे’ असे सांगून एक लाख रुपये विकासनिधी मागितला. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि देणगीच्या नावाखालीही घेता येत नाही, हे काकांना चांगले ठाऊक होते. त्यांनी उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीची, प्रत सचिवांच्या टेबलावर ठेवली आणि चष्मा पुसत शांतपणे बसून राहिले. अर्ध्या तासाने २५,००० ची पावती फाडली गेली. ती रक्कम आम्ही आणि काकांनी अर्धी-अर्धी वाटून घेतली.

त्या सुमारास वहीतल्या पानावर बेरीज अशी उभी होती. कर्ज वजा जाता घराच्या किमतीतले आपले १८,००,०००, मुद्रांक शुल्क ३,४८,०००, नोंदणी शुल्क ३०,००० (तीस लाखांपुढच्या व्यवहारांना एवढीच कमाल मर्यादा आहे), दलाली ५८,०००, वकील १२,०००, बँकेचे प्रक्रिया शुल्क, कायदेशीर तपासणी, मूल्यांकन आणि गहाणाची नोंद मिळून २७,०००, सोसायटी १२,५००. एकूण २२,८७,५००. त्यात न्हाणीघराची गळती, जुने वायरिंग आणि स्वयंपाकघराचा खचलेला ओटा यांसाठी गवंडी आणि वायरमन यांनी मिळून सांगितलेले २,६०,००० मिळवले की २५,४७,५०० होत होते. जिथे आम्ही अकरा लाख साठ हजार लागतील म्हणून निघालो होतो, तिथे साडेपंचवीस लाख लागत होते.

पैसे कुठून आणायचे यावर लिहावे तितके थोडे. मुदतठेवी आणि बचत साडेतेरा लाख. नवऱ्याच्या भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी आगाऊ पाच लाख. पाच वर्षांचे सभासदत्व पूर्ण असल्याने अर्ज मान्य झाला. माझे म्युच्युअल फंडातले ३,२०,००० काढले. बाबांनी तीन लाख दिले. ते त्यांनी खात्यातून खात्यात वळते केले आणि बँकेला दाखवण्यासाठी तशी चिठ्ठीही लिहून दिली. सासूबाईंनी एका दुपारी काही न बोलता रुमालात बांधलेल्या पाटल्या माझ्यासमोर ठेवल्या. मी गाठ न सोडता रुमाल परत दिला, त्या रागावल्या, आणि दोन दिवस आमच्यात कामापुरतेच बोलणे झाले. एकूण २४,७०,००० जमले. ७७,५०० कमी पडत होते.

आमच्याकडे आणखी दोन लाख होते. सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही, असे पहिल्याच पानावर लिहिलेले होते. ते दोन लाख वापरले असते तर सगळे सुरळीत झाले असते, आणि एजंटपासून मावसभावापर्यंत प्रत्येकाने तोच सल्ला दिला. आम्ही ओट्याचे आणि रंगाचे काम पुढे ढकलले. पुढची दीड वर्षे मी खचलेल्या ओट्यावर, शेगडीच्या एका पायाखाली पुठ्ठा घालून स्वयंपाक केला.

कर्जाच्या कागदांवर सह्या करताना एक पान पुढे आले, त्यावर एकरकमी हप्त्याचा कर्जविमा होता आणि त्याची लाखभराची रक्कम कर्जातच मिळवलेली होती. ‘सगळेच घेतात’ एवढेच स्पष्टीकरण मिळाले. विमा हवा होता, पण वीस वर्षे व्याज भरत नव्हे. आणि तो बँकेकडूनच घेण्याची सक्ती नसते. आम्ही ते पान बाजूला ठेवायला सांगितले, दोघांच्या नावे शुद्ध मुदतविमा बाहेरून घेतला, आणि त्यामुळे कर्जमंजुरीला काहीही बाधा आली नाही.

नोंदणीच्या दिवशी सकाळी दहाला पोचलो. ई-चलन आधीच भरलेले होते, दस्ताची माहिती वकिलांच्या कार्यालयातून भरून ठेवलेली होती, दोन साक्षीदार सुट्टी काढून आले होते. अकरा वाजता सर्व्हर बंद पडला आणि तो चार वाजता सुरू झाला. दरम्यान काकू पिशवीतून लाडवांचा डबा काढून सगळ्यांना, अगदी शेजारच्या बाकावरच्या अनोळखी खरेदीदारांनाही, वाटत होत्या. शेवटी आमची पाळी आली. काकांच्या अंगठ्याच्या रेषा यंत्राला चार वेळा उमटल्या नाहीत, तेव्हा कारकुनाने त्यांचा अंगठा स्वतःच्या रुमालाने पुसून काचेवर दाबला. साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, नोंदले गेले. एप्रिलमध्ये बँकेने चाळीस लाख काका-काकूंच्या खात्यात जमा केले, मग खरेदीखत झाले आणि किल्ल्या मिळाल्या.

अक्षय्य तृतीयेला, ३ मे रोजी, अर्धवट फोडलेल्या न्हाणीघराशेजारी आम्ही पूजा केली. नारळ वाढवत असताना नवऱ्याला आठवले की उगमातून कापलेला कर आपण भरलेलाच नाही. पन्नास लाख वा त्याहून अधिक किमतीचे घर घेताना खरेदीदाराने विक्रेत्याच्या पैशांतून एक टक्का कापून, कापल्याचा महिना संपल्यापासून तीस दिवसांत, २६क्यूबी या तेव्हाच्या अर्जासह आयकर खात्याकडे भरायचा असतो. मार्चमध्ये दिलेल्या रकमेतून आम्ही ५८,००० कापून घेतले होते, पण मुदत ३० एप्रिलला संपली होती. शिवाय प्रत्येक खरेदीदार आणि प्रत्येक विक्रेता अशा जोडीला वेगळा अर्ज लागत होता. आम्ही दोघे, ते दोघे, म्हणजे चार अर्ज. प्रसादाचे ताट बाजूला ठेवून फरशीवर बसून चारही अर्ज भरले. दिवसाला २०० रुपये विलंबशुल्क, तीन दिवस, चार अर्ज: २,४०० रुपये, शिवाय व्याज. काकांना त्यांच्या विवरणपत्रासाठी प्रमाणपत्रे वेळेत मिळाली, एवढे समाधान.

वहीत न धरलेले खर्च त्यानंतरही निघतच राहिले. काम जूनच्या मध्यापर्यंत चालल्याने दोन महिने १७,००० भाडे आणि घराचा हप्ता असे दोन्ही भरावे लागले. सामान हलवायचा टेम्पो, वीजमीटरचे नाव बदलणे, पडदे, आणि अनामत रकमेतून जुन्या घरमालकांनी रंगासाठी कापून घेतलेले पैसे. भेटायला येणारे सगळे एकच वाक्य म्हणत: बरे झाले, भाड्याचे पैसे वाया जात होते. मी मान डोलवत असे. पहिल्या हप्त्याच्या ३०,७७२ पैकी २३,००० व्याज होते आणि मुद्दलात ७,७७२ गेले होते. भाडे घरमालकाला जात होते, आता त्याहून मोठी रक्कम बँकेला जात होती. ‘वाया’ हा शब्द दोन्हीकडे लावता येतो किंवा दोन्हीकडे नाही, असे माझे मत आहे.

आता त्या राहिलेल्या चुकीबद्दल. एका पगारात हप्ता बसतो का, हे तपासताना आम्ही त्या दिवशीचा दर धरला होता. आमचे कर्ज, ऑक्टोबर २०१९ नंतरच्या बहुतेक बँकांच्या बदलत्या दराच्या गृहकर्जांप्रमाणे, रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी) जोडलेले होते: रेपो अधिक २.९ टक्के, दर तीन महिन्यांनी आढावा. कर्ज घेतले तेव्हा रेपो ४ टक्के होता. करोनाच्या काळात तो इतका खाली आणलेला होता, तो तिथेच राहणार नाही, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही कळण्यासारखे होते. आम्हीही वाचत होतो. पहिला हप्ता जाण्याआधीच, ४ मे २०२२ रोजी, रेपो ४.४० झाला, जूनमध्ये ४.९०.

जुलैमध्ये ॲपवर पाहिले तर हप्ता तोच होता आणि त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. मग नवऱ्याने खालची, उरलेल्या हप्त्यांची ओळ दाखवली. दोन हप्ते भरून झाल्यावर २३८ उरायला हवे होते. तिथे २८५ लिहिलेले होते. बँकेने दर वाढवला, हप्ता तसाच ठेवला आणि मुदत लांबवली होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमचा दर ८.८ झाला. मी वहीत गणित मांडले: शिल्लक मुद्दल ३९,६९,७००, महिन्याचे व्याज २९,१११, हप्ता ३०,७७२. त्याच हप्त्यात कर्ज फिटायला सुमारे ४०० हप्ते, म्हणजे तेहतीस वर्षे लागणार होती. तेव्हा नवरा एकोणसत्तर वर्षांचा झाला असता. बँकेचेही पत्र आले की मुदत आणखी वाढवता येत नाही, हप्ता वाढवावा लागेल. तो ३५,५०० केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ६.५० वर पोचला, एप्रिलपासून आमचा दर ९.४ झाला आणि हप्ता ३७,००० च्या पुढे गेला. जुना ३०,७७२ चा हप्ता चालू ठेवला असता तर एप्रिलमधले व्याजही त्यातून भागले नसते.

आमची मुलगी २०२३ च्या पावसाळ्यात झाली. सव्वीस आठवड्यांच्या पगारी रजेनंतर मी पाच महिने बिनपगारी रजा घेतली, आणि पहिल्या पानावरचे वाक्य प्रत्यक्षात आले: एक पगार, एक हप्ता. ६०,००० चे तोवर ६४,००० झाले होते. त्यातून ३७,००० गेले की जे उरे त्यात आम्ही भागवले, कधी भागले नाही तेव्हा त्या दोन लाखांना हात लावला. सत्तर लाखांचे कर्ज घेतले असते तर हाच हप्ता पासष्ट हजारांच्या आसपास गेला असता. ते घर आम्ही तेव्हा विकायला काढले असते, यात मला शंका नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही थोडे थोडे, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा, आणि उरलेले हप्ते व व्याज यांची माहिती दर तिमाहीला कळवायची. आमच्यासाठी तो नियम वर्षभर उशिरा आला, तरी उपयोगी पडला. २०२५ मध्ये रेपो उतरू लागला आणि जूनमध्ये ५.५० झाला. जुलैपासून दर ८.४ झाला. या वेळी मी ॲप उघडून वाट पाहत बसले नाही. हप्ता कमी करू नये, मुदत कमी करावी, असा अर्ज घेऊन शाखेत गेले. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला आणि विचारले, “मॅडम, हप्ता कमी होत असताना तुम्ही नको म्हणताय?” मी हो म्हटले. त्याने शिक्का मारला.

महिनाअखेरीला वहीत नोंद केली: मूळ वेळापत्रकाप्रमाणे २०२ हप्ते उरायला हवे होते, प्रत्यक्षात १७७ उरले आहेत. त्याच पानावर खाली ओट्याच्या नव्या ग्रॅनाइटची पावती चिकटवलेली आहे.